पाच मजले आणि किती मजला?

मराठीत 'मजला' हे रूप दोन अर्थांनी येते. इमारतीचा मजला पुल्लिंगी. प्रवासातील मजल स्त्रीलिंगी, आणि तिचे अनेकवचन पुन्हा 'मजला'. दोन्हींच्या मुळाशी अरबीतील 'मंझिल', म्हणजे उतरण्याची जागा, आहे. पाच मजल्यांच्या एका गुहेपर्यंत पोचायला किती मजला माराव्या लागतील, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे विदर्भाच्या इतिहासलेखनात वावरत आहे. ही गुहा नागार्जुनाची. माध्यमिक दर्शनाचा हा आचार्य जिच्यात राहिला असे सांगतात, तिची वर्णने चिनी यात्रेकरूंच्या ग्रंथांत आहेत. तिच्या, किंवा ती ज्या राज्यात होती त्या राज्याच्या राजधानीच्या जागेसाठी भांदक, वैरागड, मनसर, सिरपूर, श्रीशैलम अशी नावे आजवर पुढे आली. रामटेकजवळच्या टेकडीवरील एक गुहाही लोक नागार्जुनाची म्हणूनच दाखवतात.

नागपूरच्या महाविद्यालयांतून रामटेक-मनसरला जाणाऱ्या सहलींत हा प्रश्न हमखास निघतो. 'तीच का ही गुहा?' असे विद्यार्थी विचारतात, आणि आपण शिक्षक स्वभावानुसार 'होय' किंवा 'नाही' म्हणून मोकळे होतो. वास्तविक हा प्रश्न पुरातत्त्वाचा जितका आहे तितकाच वाचनाचाही आहे. एखाद्या प्रवासग्रंथातील अंतराचा आकडा कसा वाचावा, तो कोणत्या प्रकारचे विधान असतो, हे ठरल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. म्हणून गुहेपेक्षा तिच्या अंतरांचाच इतिहास येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

१

या गुहेची पहिली बातमी देणारा यात्रेकरू तेथे गेलाच नाही. फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. मध्यदेशातील तीर्थे पाहून झाल्यावर, कौशांबीच्या वर्णनानंतर, तो लिहितो की येथून दक्षिणेस २०० योजनांवर दक्षिण नावाचा देश आहे. तेथे एका मोठ्या खडकात कोरलेला पाच मजली विहार आहे. तळमजल्याला हत्तीचा आकार असून त्यात ५०० खोल्या आहेत. त्यावर सिंहाच्या आकाराचा ४०० खोल्यांचा, मग घोड्याच्या आकाराचा ३०० खोल्यांचा, बैलाच्या आकाराचा २०० खोल्यांचा, आणि सर्वांत वर कबुतराच्या आकाराचा १०० खोल्यांचा मजला आहे. माथ्यावर एक झरा आहे. त्याचे पाणी खोल्याखोल्यांपुढून वळणे घेत, मजल्यामजल्याने उतरत शेवटी तळमजल्याच्या दारातून बाहेर पडते. विहाराचे नाव 'पारावत', म्हणजे कबूतर. फाहियानच्या या मजकुरात नागार्जुनाचे नाव मात्र नाही.

यानंतर फाहियान जे सांगतो ते आमच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. या देशाच्या वाटा बिकट आहेत, भोवती वस्ती नाही. जाऊ इच्छिणाऱ्याने सोबत पैसा आणि वस्तू घ्याव्यात, त्या तेथील राजाला द्याव्यात. मग राजा वाटाडे देतो, ते पुढच्यांच्या हवाली करतात आणि जवळच्या वाटा दाखवतात. फाहियानने हा सर्व तपशील गोळा केला आणि अखेर तो गेला नाही. तेथील लोकांकडून ऐकले ते लिहिले, असे त्याने स्वच्छ नमूद केले आहे. न झालेल्या प्रवासाचा असा आराखडा प्राचीन प्रवासवाङ्मयात क्वचितच सापडतो: अंतर, वाटखर्च, वाटाडे, धोका, सर्व काही आहे, फक्त प्रवास नाही.

अंतराचा आकडा पाहू. एक योजन सुमारे ७ मैलांचे धरले, तर २०० योजने म्हणजे १४०० मैल. कौशांबी प्रयागाजवळ आहे. तेथून कन्याकुमारी सरळ रेषेत १२०० मैलांच्या आसपासच भरते. म्हणजे हा विहार शोधायला समुद्रात उतरावे लागेल! योजन लहान मानले तर विहार पुन्हा जमिनीवर येतो. पण मग योजन किती लहान मानायचे हे आपणच ठरवणार, आणि विहार आपल्याला हवा तेथे येणार. दीडशे वर्षांच्या वादाचे बीज याच सोयीत आहे.

२

ह्युएन त्संगाचे वर्णन सव्वादोनशे वर्षांनंतरचे आहे. तो इ. स. ६४५ मध्ये मायदेशी परतला आणि पुढल्याच वर्षी त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील क्रम असा: कलिंगाहून वायव्येस, डोंगर आणि रानांतून, सुमारे १८०० ली गेल्यावर कोसल देश लागतो. हा उत्तरेतला, अयोध्येचा कोसल नव्हे. हा दक्षिण कोसल. राजधानीचा घेर सुमारे ४० ली. राजा क्षत्रिय, बुद्धधर्माला मान देणारा. सुमारे १०० संघाराम. नगराच्या दक्षिणेस एक जुना संघाराम असून तेथे नागार्जुन राहत असे, आणि सातवाहन राजा त्याचा परम आदर करी.

आर्यदेव आणि नागार्जुन यांच्या भेटीची प्रसिद्ध कथा येथेच येते. सिंहलाहून आलेल्या देवाला नागार्जुनाने काठोकाठ पाण्याने भरलेले पात्र पाठवले. देवाने न बोलता त्यात एक सुई टाकली. पाणी म्हणजे आचार्यांचे ज्ञान आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठणारी बुद्धी, असा उलगडा स्वतः नागार्जुनच करतो. पाण्याचा तळ गाठण्याची ही प्रतिमा गुहेच्या वर्णनाला लागूनच यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

देशाच्या नैर्ऋत्येस सुमारे ३०० लींवर एक पर्वत आहे. त्याच्या चिनी नावावरून 'भ्रमरगिरी' असे मूळ रूप बहुधा कल्पिले जाते. राजाने नागार्जुनासाठी हा पर्वत आतून कोरून संघाराम केला. पायथ्यापासून १० ली अंतरावरून आत जाणारे भुयार खोदले. आत पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चार दालने, सोन्याच्या बुद्धमूर्ती, उजेडासाठी झरोके. आणि पर्वताच्या माथ्यावरून उतरणारे पाणी सर्व मजल्यांभोवती फिरून खाली जाते. खजिना संपला तेव्हा नागार्जुनाने दगडांचे सोने केले. पुढे भिक्षूंमध्ये भांडणे झाली, ब्राह्मणांनी विहार ताब्यात घेतला आणि वाट बंद केली. आता तेथे भिक्षू नाहीत आणि आत जाण्याची वाट कोणालाही ठाऊक नाही. आतल्या कोणाच्या दुखण्यासाठी वैद्य न्यावा लागला, तर जाताना आणि येताना त्याचा चेहरा झाकतात.

हा वैद्याचा तपशील आम्हांस निर्णायक वाटतो. वाट कोणालाही माहीत नाही असे ज्या स्थळाविषयी लिहिले जाते, तेथे लिहिणारा गेलेला नसतो. फाहियानप्रमाणे ह्युएन त्संगही ऐकीव सांगत आहे. दोघांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर असूनही पाच मजले आणि मजल्यांतून उतरणारे पाणी या दोन गोष्टी जशाच्या तशा आहेत. बदलली ती मालकी आणि अंतर: काश्यप बुद्धाचा विहार नागार्जुनाचा झाला आणि कौशांबीपासूनची २०० योजने कोसलापासूनच्या ३०० लींवर आली. लोककथेत असेच होते. कथेचा गाभा टिकतो, आणि पत्ता सांगणाऱ्याच्या मुक्कामाप्रमाणे सरकतो.

वर्णनाला वास्तवाचा आधार नाही असे मात्र नव्हे. आपल्या लेण्यांत पाण्याची योजना हा स्थापत्याचाच भाग आहे. कान्हेरीला कातळात कोरलेल्या पन्हाळी पावसाचे पाणी जागोजागच्या टाक्यांत आणून सोडतात. कोरीव लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. वेरूळचे बारावे लेणे तीन मजल्यांचे आहे. तीनाचे पाच आणि पन्हाळीचा झरा व्हायला कथेला फारसे कष्ट पडत नाहीत.

३

एकोणिसाव्या शतकात या आकड्यांना अचानक नकाशा मिळाला. स्तानिस्लास झ्युलिएँचे फ्रेंच भाषांतर १८५७-५८ मध्ये आले आणि अलेक्झांडर कनिंगहॅमने ते हातात घेऊन प्राचीन भारताचा भूगोल मांडला. १८७१ च्या त्याच्या ग्रंथात कलिंगाची राजधानी राजमहेंद्री मानलेली आहे. ६ ली म्हणजे १ मैल हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. त्याप्रमाणे १८०० ली म्हणजे ३०० मैल. राजमहेंद्रीहून वायव्येस तेवढे गेले की चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येते. पुढे १८७३ ते १८७५ या काळात त्याने मध्य प्रांतात दौरे केले, तेव्हा भांदकचे अवशेष आणि विजासनची लेणी पाहून हा निष्कर्ष त्याला अधिकच पटला. जेम्स फर्ग्युसनने त्याच सुमारास वैरागडाचे नाव सुचवले. म्हणजे १८७० च्या दशकात ह्युएन त्संगाचा कोसल चांदा जिल्ह्यातच नांदत होता. वाद होता तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यात.

विजासनचे लेणे पाहणाऱ्याला कनिंगहॅमचा मोह समजतो. डोंगरात सरळ शिरणारी सत्तर फुटांच्या आसपासची दीर्घिका, तिच्या टोकाला अंधारात बसलेली बुद्धमूर्ती, आणि दोन्ही बाजूंना काटकोनात फुटणाऱ्या तशाच दोन दीर्घिका. महाराष्ट्रात हा आराखडा विरळाच. 'भुयार खोदून केलेला संघाराम' हे शब्द ज्याच्या डोक्यात आहेत त्याला येथे ते आठवल्यावाचून राहणार नाहीत. पण हे लेणे भांदक गावाला लागूनच आहे. भांदक ही राजधानी मानली तर तिच्यापासून ३०० लींवरचा पर्वत हा नव्हे, आणि हे लेणे तो पर्वत मानले तर राजधानी अन्यत्र शोधावी लागते.

आज बहुतेक अभ्यासक दक्षिण कोसलाची राजधानी छत्तीसगडमधील सिरपूर, म्हणजे पांडुवंशीयांचे श्रीपूर, येथे मानतात. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५० च्या दशकात तेथे उत्खनन केले आणि सातव्या शतकातील विहार उजेडात आणले. बालार्जुन महाशिवगुप्ताच्या राज्यातले हे विहार ह्युएन त्संगाच्या काळाशी जुळतात. हा पुरावा अंतराचा नाही, मातीतून निघालेला आहे. म्हणूनच तो भक्कम आहे.

अंतरांचे काय? आम्ही साधा हिशेब करून पाहिला. कलिंगाची राजधानी श्रीकाकुलमजवळचे मुखलिंगम मानली, तर सिरपूर सरळ रेषेत साधारण ३६० किलोमीटर पडते, दिशा वायव्य पण उत्तरेकडे झुकलेली. ह्युएन त्संग कोसलाहून पुढे दक्षिणेस ९०० ली जाऊन आंध्रात पोचतो. आंध्राची राजधानी एलुरूजवळचे वेंगी मानली, तर सिरपूरहून ते सुमारे ५०० किलोमीटर आहे, दिशा जवळजवळ दक्षिण. म्हणजे दिशा दोन्ही जुळतात. पण ज्या वाटेला १८०० ली म्हटले ती ३६० किलोमीटर, आणि जिला ९०० ली म्हटले ती ५०० किलोमीटर! आता भांदक घेऊ. मुखलिंगमहून ते ५३० किलोमीटरच्या पुढे, पण दिशा वायव्येपेक्षा पश्चिमेकडे अधिक. भांदकहून वेंगी सुमारे ४२० किलोमीटर, दिशा दक्षिणेऐवजी बरीच आग्नेयेकडे. आकडे थोडे बरे, दिशा बिघडलेल्या. कनिंगहॅमप्रमाणे राजमहेंद्रीहून निघालो तर भांदकची दिशा छान जुळते. मात्र राजमहेंद्री आणि वेंगी यांत जेमतेम ७५ किलोमीटर आहेत. कलिंगातून आंध्रात जायला कोणी रानावनांतून २७०० लींचा वळसा घेतला, आणि दोन राजधान्या शेजारी-शेजारी होत्या, असे मग मानावे लागते.

सारांश, कोणत्याही एका जागेने सर्व आकडे समाधानी होत नाहीत. दिशा सिरपूरच्या बाजूने बोलतात, आकडे कोणाच्याच बाजूने बोलत नाहीत. कनिंगहॅम हुशार होता, अफाट फिरलेला होता. त्याची चूक गणिताची नव्हती. ग्रंथातील अंतर त्याने मोजपट्टीचे मानले, ही ती चूक होती.

४

मग ते कशाचे अंतर आहे? उत्तर ह्युएन त्संगानेच दिले आहे. भारताच्या सामान्य वर्णनात तो सांगतो की प्राचीन राजांच्या काळापासून योजन म्हणजे सैन्याची एका दिवसाची चाल. जुन्या हिशेबाने ती ४० ली, या देशातील प्रचाराप्रमाणे ३० ली, आणि धर्मग्रंथांत १६ ली. एकाच शब्दाला तीन मापे, आणि तिन्ही मूलतः दिवसाची. आपल्या 'मजल दरमजल'मध्येही हेच आहे. घाटातली मजल आणि सपाटीवरची मजल सारखी नसते. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातलीही नसते. ज्या वाटेने जंगले आणि डोंगर ओलांडावे लागले ती १८०० ली झाली असेल, तर तो आकडा वाटेच्या कष्टांचा आहे. त्याला ६ ने भागून नकाशावर टाचणी रोवता येत नाही.

मराठी वाचकाला याचा पडताळा घरच्याच वाङ्मयात घेता येईल. चौदाव्या शतकातली महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरस्वामींच्या स्थानांचा परिचय करून देते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, दार कोणीकडे तोंड करून, आसन नेमके कोठे, असा तिचा बारकावा आहे. कारण तिचा वाचक तेथे जाऊन माथा टेकणारा होता. चूक झाली असती तर नमस्कार चुकीच्या जागी पडला असता. फाहियानचा वाचक चीनमध्ये बसलेला होता आणि दक्षिण देशात जाण्याची त्याची शक्यता नव्हती. एक ग्रंथ जाण्यासाठी लिहिलेला, दुसरा न जाणाऱ्यांसाठी. दोन्हींतील अंतरे एकाच नजरेने वाचणे हा वाङ्मयप्रकाराचाच गोंधळ आहे.

'मेघदूता'च्या वादातही तोच गोंधळ डोकावतो. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे रामटेक हे मत आयुष्यभर साक्षेपाने मांडले. प्रतिपक्षाने सरगुजातील रामगढ पुढे केले, जेथे जोगीमारा आणि सीताबेंगा या लेण्या आहेत. मिराशींच्या युक्तिवादाचे बळ वाकाटक राजधानी नंदिवर्धनाच्या सान्निध्यात आणि स्थळाच्या प्राचीन रामभक्तीत आहे. मेघाने किती कोस कापले यावर त्यांनी सारा भार टाकला असता, तर तो युक्तिवाद इतका टिकला नसता.

५

आता मनसर. नागपूरपासून ४५ किलोमीटरच्या आसपास असलेल्या या टेकड्यांवर १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी उत्खनन केले, ते नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राच्या वतीने. संस्थेचे सूत्रधार भदंत सुरेई ससाई. वाकाटककालीन भव्य मंदिर-वास्तू तेथे निघाली. हे दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर, हे मत आज बऱ्याच अंशी मान्य आहे. मिराशींनी प्रवरपूर पवनारला मानले होते. याच टेकड्यांवर नागार्जुनाच्या विहाराचाही दावा आहे. विशेष असे की, त्यानंतर सिरपूरचे नवे उत्खनन केले तेही याच शर्मांनी.

या दाव्याकडे केवळ लींचा हिशेब घेऊन पाहणे अपुरे होईल. सिरपूरहून मनसर-रामटेक सरळ पश्चिमेस जवळजवळ ३०० किलोमीटर आहे. ३०० ली आणि नैर्ऋत्य यांपैकी काहीच जुळत नाही. पण नागार्जुन विदर्भातला, हे तिबेटी परंपरा सांगते, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर या भूमीतील लाखो लोकांसाठी तो आपल्याच मातीतला आचार्य आहे. नागपूरपासून ८० किलोमीटरवरच्या पवनीला शां. भा. देव आणि जोशी यांनी १९६९-७० मध्ये जे स्तूप उजेडात आणले, त्यांनी विदर्भाची बौद्ध परंपरा मौर्य-सातवाहन काळापर्यंत मागे नेली. त्यासाठी पाच मजली गुहेची गरज लागली नाही. जे सिद्ध आहे तेच पुरेसे मोठे असताना जे सिद्ध नाही त्यावर अभिमान टेकवला, की पहिला चिकित्सक वाचक तो हलवून जातो. हानी मग सिद्ध गोष्टीचीही होते.

दक्षिणेकडील नागार्जुनकोंड्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील कोरीव लेखांत श्रीपर्वताचे नाव आहे, इक्ष्वाकूंच्या काळातले विहार आहेत. १९५४ ते १९६० या काळात त्या खोऱ्याचे उत्खनन घाईने उरकावे लागले, कारण नागार्जुनसागराचे पाणी येणार होते. काही वास्तू उचलून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभारल्या. उरलेले खोरे आज पाण्याखाली आहे. नागार्जुनाच्या नावाचे हे स्थळ पाहायचे तर काही भाग नावेतून जाऊन पाहता येतो, आणि उरलेल्या भागासाठी पाणबुड्याच लागेल. कथेत पाणी गुहेच्या मजल्यांतून वाहत होते; इतिहासात ते साऱ्या खोऱ्यावर चढले.

६

सहलीचा आराखडा करणाऱ्या शिक्षकमित्रांसाठी शेवटी थोडे व्यवहाराचे. नागपूर हा मुक्काम धरला तर रामटेक, मनसर आणि नगरधन एका दिवसात होतात. पवनीला वेगळा दिवस द्यावा. भद्रावती सुमारे १२५ किलोमीटर. विजासनचे लेणे आणि गावातील अवशेष पाहून संध्याकाळी परतता येते. लेण्याच्या आतल्या टोकाशी अंधार असतो, तेव्हा विजेऱ्या सोबत असाव्यात. सिरपूर रायपूरच्याही पुढे, नागपूरहून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा अधिक. तेथे एक रात्र राहिल्याशिवाय जाऊ नये. हे सर्व एका दमात बसवण्याचा हट्ट धरला तर विद्यार्थी गाडीच अधिक पाहतील.

आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही यात्रेकरूंचे उतारे मोठ्याने वाचावेत. भांदकला कनिंगहॅमची बाजू मांडावी, सिरपूरला दीक्षितांची, मनसरला शर्मांची. मग वहीत प्रत्येकाच्या अंतरांचा तक्ता करून घ्यावा. तक्ता जुळणार नाही. तो का जुळत नाही याची चर्चा हाच त्या सहलीचा खरा पाठ ठरेल. 'तीच का ही गुहा?' असे कोणी विचारले, तर फाहियानने केले तेच करावे: जेथे गेलो नाही तेथे गेलो नाही असे सांगावे, ऐकले ते ऐकले म्हणून सांगावे. दीडशे वर्षांत या गुहेला पुष्कळ पत्ते मिळाले. पण सोळाशे वर्षांपूर्वी तिच्याविषयी पहिल्यांदा लिहिणाऱ्याने हा जो विवेक दाखवला, तो पत्ते देणाऱ्यांपैकी थोड्यांनीच पाळला.